कारण आणि निवाडा

जन्मतः बहिऱ्या मुलाचे आईवडील 'कसे झाले' याआधी 'आमच्याच वाट्याला का' असे विचारतात, आणि या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. जड, मुके, आंधळे, बहिरे हे पूर्वकर्माच्या शेषामुळे तसे जन्मतात, असे मनुस्मृतीचा अकरावा अध्याय सांगतो. नववा अध्याय जन्मांध व बहिऱ्यांना वारसाहक्कातून वगळतो. बहिरेपणाचे कारण सांगणारा आणि बहिऱ्याचा वाटा काढून घेणारा ग्रंथ एकच आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या क्रिस्टीन पेती यांनी आपली कारकीर्द याच 'का'च्या एका तुकड्यावर घालवली. १९९०च्या सुमारास बहिरेपणाची जनुके शोधणे जवळजवळ अशक्य वाटत होते. बहिरी माणसे बहुधा बहिऱ्यांशीच लग्न करतात, त्यामुळे एकाच घरात वेगवेगळ्या जनुकांचे दोष एकत्र येतात आणि वंशावळीचा माग लागत नाही. पेती यांनी मग नात्यात लग्ने होणारी, एकाच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे निवडली. १९९४मध्ये ट्युनिशियातल्या अशा दोन कुटुंबांवरून तेराव्या गुणसूत्रावरची एक जागा हाती लागली. तिथले कॉनेक्सिन २६चे जनुक आज जन्मजात बहिरेपणाचे जगभरातले एक प्रमुख कारण मानले जाते. दोष अप्रभावी आहे. ऐकू येणाऱ्या आईवडिलांकडे त्याची एकेक प्रत असते, दोन्ही प्रती एकत्र येण्याचा संभव दर खेपेला चारात एक. आणखी एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते: आईवडील दोघेही बहिरे, पण दोघांची सदोष जनुके वेगळी असतील, तर त्यांच्या सर्व मुलांना नीट ऐकू येऊ शकते. पापाची बेरीज अशी शून्य होत नसते.

कर्मवादी यावर सहज हार मानणार नाही. विज्ञानाने यंत्रणा सांगितली, पण चारातली ती एक खेप याच जिवाच्या वाट्याला का आली, हे कर्मच सांगते, असे तो म्हणेल. आक्षेप चतुर आहे. परंतु चारात एक हे प्रमाण ट्युनिशियात, लेबनॉनमध्ये, महाराष्ट्रात सारखेच राहते, वंशाच्या पुण्याईने तसूभरही हलत नाही. कर्म या प्रमाणाच्या आड लपून चालत असेल, तर त्याने आपल्या ज्ञानात काहीच भर घातली नाही. भर पडली ती आईच्या अपराधीपणात. कर्मसिद्धान्ताने अनेकांना सोसण्याचे बळ दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या समजुतीने एकाला धीर येतो, तिनेच शेजारी दुसऱ्याला बोल लागतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो बहिऱ्यांकडूनच येतो: जनुकशास्त्रानेही निवाडाच केला. १८८३मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी बहिऱ्यांच्या आपसातल्या लग्नांमुळे माणसाची बहिरी जात निपजेल, असा इशारा दिला. त्यांची आई आणि पत्नी दोघीही बहिऱ्या होत्या. १९३३च्या नाझी कायद्याने तर आनुवंशिक बहिरेपण हे सक्तीच्या नसबंदीचे कारण ठरवले. हा आक्षेप खरा आहे, आणि त्यानेच माझे म्हणणे पक्के होते. मनूच्या आणि नाझींच्या तर्कात चूक एकाच ठिकाणी आहे: 'हे यामुळे झाले' या वाक्यातून 'म्हणून हा माणूस कमी' असे वाक्य काढण्यात. पहिले वाक्य कितीही शुद्ध सिद्ध झाले तरी त्यातून दुसरे निघत नाही. ते कोणीतरी वरून घालावे लागते, आणि घालणाऱ्याला त्याचा जाब विचारता येतो.

पेती यांच्याच प्रयोगशाळेने १९९९मध्ये शोधलेल्या ओटोफर्लिनच्या जनुकावर आता उपचार होऊ लागले आहेत. हे प्रथिन नसले तर कानातल्या केसपेशींपासून मज्जातंतूपर्यंत संदेश पोचत नाही. चीनमधल्या एका चाचणीत सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागल्याचे २०२४मध्ये जाहीर झाले. म्हणजे 'बरे करता येते, तर करायलाच हवे' हा निवाडा पुन्हा दाराशी येणार. अशाच वळणावर, कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटबाबत, फ्रान्सच्या राष्ट्रीय नीतिसमितीने १९९४मध्ये मत दिले होते: यंत्र बसवलेल्या मुलालाही सांकेतिक भाषा शिकवावी.