वहीतली शून्यं

खेड्यात जाऊन राहायचं मनात आहे, हे मी गेली काही वर्षं ज्याला-त्याला सांगत आलो आहे. ऑफिसात, लग्नकार्यात, डोंबिवलीच्या फलाटावर अचानक भेटलेल्या जुन्या मित्राला. समोरचा म्हणतो, ‘नशीबवान आहेस, गावाला घर आहे तुझं.’ मग मी थोडं पुढे जाऊन सांगतो, की आम्हाला दोघांना लागतं तरी किती, पेज-भात आणि कुळथाची पिठी असली की झालं. हे बोलताना मला आपण त्याच्यापेक्षा जरा वरचे आहोत असं वाटतं. तो अजून हप्ते आणि बढतीत अडकलेला, आणि मी सुटायच्या बेतात. पुढचं काही लिहिण्याआधी हे कबूल केलेलं बरं. मला साधं राहायचं आहे, की साधा माणूस म्हणून ओळखलं जायचं आहे? ज्याला खरंच कमी लागतं त्याला ते चारचौघांत सांगावंसं वाटत असेल का?

बेत मात्र खरा आहे. नोकरीची थोडीच वर्षं उरली आहेत. संगमेश्वर तालुक्यात वडिलोपार्जित घर आहे, जांभ्या दगडाचं, ओटी-पडवी-माजघर असलेलं. मी एक वही केली. डाव्या पानावर डोंबिवलीचा खर्च, उजव्या पानावर गावचा. डावीकडे सोसायटीचा मेंटेनन्स, वीजबिल, भाजी, दूध, गॅस, घरकामाच्या बाईंचा पगार, पास, औषधं. उजवीकडे भाजीपुढे शून्य, कारण ती परसातली. सरपणापुढे शून्य, कारण आपलीच झाडं. पाण्यापुढे शून्य. लोणचं, पापड, पिठं, आगोटीची सगळी बेगमी, पुढे शून्य. झाडलोट, सारवण, शून्य. औषधांचा आकडा तेवढा दोन्हीकडे सारखा. बेरीज केली तर उजवं पान डाव्याच्या निम्म्यालाही पोहोचेना. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

वही बायकोने वाचली. सावकाश वाचली, एकेका शून्यावर बोट ठेवत. मग एवढंच म्हणाली, ‘यातली तू किती करणार आहेस?’

मला राग आला. तो का आला हे शोधायला मला बरेच दिवस लागले. तिने माझ्या बेतावर पाणी टाकलं म्हणून नव्हे. तिला ते एका वाचनात दिसलं आणि मला वही लिहितानासुद्धा दिसलं नव्हतं, म्हणून. चुलीवरचा स्वयंपाक, विहिरीवरून पाणी, मे महिन्यात आंबोशी वाळवणं, कुळीथ पाखडणं, यातलं एकही काम मी कधी केलेलं नाही. मी लहानपणी सुट्टीत गावाला जायचो तेव्हा ते आजी करायची, काकू करायच्या. माझ्या आठवणीत पेज असते, पेज ढवळणारा हात नसतो. मी शून्य लिहिलं ते त्या आठवणीतून लिहिलं. पैसे लागत नव्हते हे खरंच होतं, पण म्हणून त्या कामाला काही लागतच नव्हतं का?

थोरोचं ‘वॉल्डन’ मी तरुणपणी दुर्गाबाई भागवतांच्या ‘वॉल्डनकाठी विचारविहार’मधून वाचलं. त्यातला हिशेब मला तेव्हापासून भुरळ घालतो. १८४५ साली तळ्याकाठी बांधलेल्या झोपडीचा खर्च त्याने पैन् पै मांडला आहे. फळ्या, जुन्या विटा, चुना, खिळ्यांचे ३ डॉलर ९० सेंट, आणि एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. माझी वही ही त्याच हिशेबाची नक्कल आहे, हे मला आता कळतं. पण त्याने स्वतःच्या मजुरीला पैसे लावले नाहीत ते ती मजुरी तो स्वतः करत होता म्हणून. जमीन मात्र त्याचा मित्र इमर्सन याची होती. थोरोला कमी लेखायचं नाही मला. त्याने निदान हातात कुऱ्हाड घेतली होती. प्रश्न माझा आहे. दुसऱ्याची मजुरी आपल्या वहीत न लिहिण्याचा हक्क मला कुठून मिळाला?

दापोली तालुक्यात कुडावळ्याला दिलीप कुलकर्णी वर्षानुवर्षं अशा राहणीचा प्रयोग करत आले. त्यांचं ‘निसर्गायण’ माझ्या कपाटात आहे. त्यातल्या कमी वस्तूंवर, कमी ऊर्जेवर मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. शरीरश्रमाबद्दल जिथे-जिथे आहे तिथली पानं कोरी आहेत. परवा पुस्तक काढून पाहिलं तेव्हा ते दिसलं. मला पटलेला साधेपणा तो, ज्याच्यात काहीतरी सोडायचं असतं. ज्याच्यात काहीतरी उचलायचं असतं तो मी वगळून वाचला होता.

आणि दुसऱ्याच्या कामापुढे शून्य लिहिणं हे फक्त बायकोपुरतं नाही. गावच्या घरात आज माझ्या चुलतभावाची बायको राहते. भाऊ गेला, मुलगा विरारला. घर उभं आहे ते तिच्यामुळे. उघडझाप नसलेलं जांभ्याचं घर दोन पावसाळ्यांत वाळवी खाते, हे कोकणातल्या कुणालाही सांगायला नको. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरी एप्रिल-मे आला की वाड्यावाड्यांवर टँकरची वाट बघतात. जांभा पाणी धरून ठेवत नाही, वर पडलेलं खाली निघून जातं. आमच्या विहिरीचा तळ एप्रिलमध्ये दिसायला लागतो. मग वहिनी पहाटे उठून खालच्या वाडीतल्या विहिरीवर जाते, कारण उजाडल्यावर तिथेही रांग. डोक्यावर चुंबळ, त्यावर कळशी, दुसरी काखेत, आणि चढ. चढावर ती एका ठरावीक आंब्याच्या मुळाशी थांबते, काखेतली कळशी दुसऱ्या बाजूला घेते आणि पुन्हा चालायला लागते. मी हे पाहिलं आहे. ओटीवर चहा पीत पाहिलं आहे. आणि नंतर वहीत पाण्यापुढे शून्य लिहिलं आहे.

परसातल्या भाजीचंही तेच. आता वानर-माकडं परसात काही ठेवत नाहीत. वहिनीने पडवळ आणि दोडकी लावणं कधीच सोडलं. ती आठवड्याच्या बाजारातून भाजी आणते, २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यामुळे तेवढं जाणं तिला परवडतं. म्हणजे ज्या भाजीच्या भरवशावर माझं अर्धं उजवं पान उभं आहे ती भाजी त्या घरात पिकतच नाही. मला हे ठाऊक नव्हतं का? ती फोनवर बोलता-बोलता सांगत असणारच. मी ऐकत नसणार.

एका गोष्टीपाशी मात्र मी अजून अडखळतो. वहीत एक ओळ होती: ‘गडीमाणूस, गरजेपुरता, बाई मिळाली तर कमी.’ गावात बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी असतो हे मला माहीत होतं आणि मी ते सोय म्हणून लिहिलं. हा गडी, ही बाई येणार कुठून? बहुधा त्या घरांतून, जी आमच्या आजोबांची कुळं होती. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८चा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं गेलं. आमच्याही जमिनी त्यात गेल्या. ‘कुळांनी लाटल्या’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकत मोठा झालो, की ते तपासून पाहावं असं कधी वाटलंच नाही. पिढ्यान् पिढ्या चिखलात उभं राहून तरवा लावणाऱ्याला त्याची जमीन मिळाली, याला लाटणं म्हणायचं? गंमत म्हणून नाही, कळवळून सांगतो, त्याच कायद्याचं ६३वं कलम आज माझ्या कामाला येतं. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. माझ्या शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाला, ज्याचा बाप दुसऱ्याच्या शेतावर राबला, गावाला हक्काने जमीन घेता येणार नाही. मला येईल, कारण सामायिक सातबाऱ्यावर डझनभर नावांच्या गर्दीत माझंही नाव आहे. मी नांगराला कधी हात लावलेला नाही आणि कायद्याच्या लेखी मी शेतकरी आहे. माझा साधेपणा या नावावर उभा आहे, आणि बँकेत असलेल्या शहरातल्या पैशावर, आणि डोंबिवलीच्या फ्लॅटच्या भाड्यावर, जे मी उजव्या पानावर उत्पन्न म्हणून लिहिलं होतं. गावात स्वस्ताई आहे असं मी म्हणतो. तिथल्या माणसाची मेहनत स्वस्त आहे, असा त्याचा अर्थ आहे. मी जाऊन तिचा भाव वाढवणार की त्याच भावात सुखाने राहणार?

मग मी शून्यं खोडून आकडे घालायला बसलो. २०२५-२६ साली रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर रोजाला ३१२ रुपये होता, आणि तो बाई-पुरुष दोघांना सारखा. पाणी, चूल, झाडलोट, सरपण गोळा करणं यांना मिळून फक्त अर्धा रोज धरला तरी महिन्याचे ४,६८० रुपये झाले. आगोटीची कामं वेगळी. शाकारणी वेगळी. बाजारच्या भाजीचा खरा भाव घातला. आजारपणात गाडी करून रत्नागिरीला जावं लागेल, ते घातलं. उजवं पान डाव्याच्या जवळ येत गेलं. पूर्ण बरोबरी झाली नाही, पण निम्म्याची गोष्ट संपली.

आकडे जवळ आले तसा एक प्रश्न मोकळा झाला. पैसे वाचत नसतील तरी मला जायचं आहे का? हो, आहे. मग मला तिथे नेमकं काय हवं आहे? मी स्वतःला सांगत होतो, की घाई सोडायची आहे. पण मागच्या मे महिन्यात घर शाकारायला येणारा माणूस ठरल्या दिवशी आला नाही, तर मी वाडीत उभा राहून मोठमोठ्याने बोललो. इथल्या लोकांना वेळेची किंमत नाही, वगैरे. तो दोन दिवसांनी आला. मला नंतर कळलं, वळवाच्या सरीने त्याच्या स्वतःच्या घराची कौलं गेली होती, आणि तिथे प्लास्टिक टाकून तो माझं छप्पर करायला आला होता. त्याने मला एका शब्दाने सांगितलं नाही. घाई शहरातली म्हणून शहर सोडायचं, हे माझं म्हणणं त्या दिवशी खरं तर निकालात निघायला हवं होतं. मी ती सोबत घेऊन फिरतो. कोथिंबीर संपली म्हणून दहा मिनिटांत मोटारसायकलवरून पोरगा बोलावतो तेव्हाही तीच असते. खाली उतरून चौकातल्या भाजीवालीकडून जुडी आणणं मला इथेही जमतं, कुणी अडवलेलं नाही. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस न करणंही जमतं. स्वतःचं ताट स्वतः घासणं जमतं. यातलं काहीच करून न पाहता मी थेट चुलीच्या आणि विहिरीच्या गोष्टी का करत होतो? गाव लांब असल्यामुळे तिथला साधेपणा आजच्या आज मागितला जात नाही, एवढंच त्याचं कारण असेल का?

अलीकडे मी आठवड्यातले काही दिवस स्वयंपाक करतो. नीट येत नाही. भात लावून, भाजी चिरून, ओटा पुसून होईपर्यंत पाठ धरते, आणि हे गॅसवर, नळाच्या पाण्यावर. बायको काही म्हणत नाही. मला वाटत होतं ती खूश होईल. ती खूश झाली नाही, कारण यात खूश होण्यासारखं काय आहे, आणि मलाही आता ते हळूहळू पटतं आहे.

मागच्या आठवड्यात वहिनीला फोन केला. आम्ही कायमचे आलो तर चालेल का, हे मी तिला आजवर विचारलंच नव्हतं. घर माझंही आहे असं धरून चाललो होतो. आधी येऊन एक मुक्काम करून बघतो म्हटलं, श्रावणात. आणि चाचरत म्हणालो, की तुझ्या कामाचे महिन्याला काही ठरवू या, नुसतं घरचं म्हणून नको. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘भावोजी, पैशांचं मागनं बघू. श्रावणात काय, सगळंच हिरवं असतं, तेव्हा सगळेच येतात. मे महिन्यात या. पाणी भरायला माणूस नाही.’

मे महिन्याची रजा टाकली आहे. बायको येणार नाही म्हणाली, आधी तू राहून ये. तिचं बरोबर आहे. रजेचा अर्ज देताना साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा गावाला पाणी भरायला जातो आहे असं सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं. ते तोंडभर सांगण्याची इच्छा अजून गेलेली नाही, हे तिथेच लक्षात आलं. घरगुती काम आहे, एवढंच म्हणालो.