अभावाचे प्रामाण्य

'आहे' आणि 'नाही' ही दोन विधाने व्याकरणात समान तोलाची असली, तरी प्रमाणशास्त्रात तशी नाहीत. 'आहे' म्हणावयास एक दर्शन पुरते. 'नाही' म्हणावयास किती शोध पुरे, हे ठरविणे कठीण. हा जुना प्रश्न आज एका नव्या क्षेत्रात उभा राहिला आहे. कोणती जीवजाती कोठे राहत असेल याचे भाकीत करणाऱ्या संगणकीय प्रतिमानांवर कितपत विसंबावे, असे त्याचे आजचे रूप आहे. आणि त्याला ज्ञानाइतकेच नीतीचेही अंग आहे.

या प्रतिमानांची रीत तत्त्वतः साधी आहे. एखादी जाती जेथे आढळली, तेथील पाऊस, तापमान, उंची, वृक्षाच्छादन पाहावयाचे. त्यावरून तिला मानवणाऱ्या परिस्थितीचे चित्र बांधावयाचे. आणि तशी परिस्थिती अन्यत्र कोठे आहे ते नकाशावर रंगवावयाचे. यांतील कित्येक प्रतिमाने केवळ 'आढळल्या'च्या नोंदींवर चालतात. परंतु नोंदी होतात त्या माणूस पोहोचतो तेथे: रस्त्याकडेला, अभयारण्यात, विश्रामगृहाच्या आसपास. त्यामुळे नकाशा पक्ष्याचा म्हणून काढावा आणि त्यात पक्षी पाहणाऱ्यांच्याच वाटा उमटाव्यात, असे घडू शकते.

वनपिंगळ्याची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नाही. मात्र १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे आपण तो मिळविला, असे रिचर्ड मायनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने नोंदविले होते. तो नमुना प्रत्यक्षात संग्रहालयातून चोरलेला, नवी चिठ्ठी लावलेला जुनाच नमुना होता, हे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. त्याआधी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ, तो जिवंत दिसला. एकशेतेरा वर्षे जो 'नव्हता', तो दिवसाउजेडी वावरणारा पक्षी निघाला! पुढे सातपुड्यातील कोरड्या, विरळ सागवानी रानातला पक्षी अशी त्याची ओळख रूढ होत असतानाच, २०१४ मध्ये तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला. पिंगळ्याच्या बोलीवरून माणसाचे भविष्य सांगणारे पिंगळा जोशी आपल्या गावांना परिचित होते. आता पिंगळ्याचेच भाकीत माणूस करू पाहतो आहे.

या कथेतील दोन्ही दोष आपल्या तर्कपरंपरेला ठाऊक होते. जेथे अग्नी तेथे धूर, हा नियम ओल्या इंधनाच्या आधारावरच खरा ठरतो. या लपलेल्या अटीला नैयायिकांनी 'उपाधी' म्हटले. प्रतिमान एका प्रदेशातील साहचर्य शिकते, त्यातील उपाधी त्याला दिसत नाही. म्हणून त्याच परिसरातील नोंदींवर तपासले असता ते उत्तम उतरते, आणि दूरच्या मुलखात किंवा उद्याच्या बदललेल्या हवामानात नेले की डळमळते. दुसरा दोष अभावाच्या ज्ञानाचा. अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानणाऱ्या भाट्ट मीमांसकांनीही तिला 'योग्य' हे विशेषण आवश्यक ठरविले. घट असता तर दिसलाच असता, एवढा प्रकाश आणि एवढी दृष्टी असेल, तरच 'घट नाही' हे ज्ञान. अंधाऱ्या खोलीत न दिसलेल्या घटाविषयी काहीच सिद्ध होत नाही. नकाशावरील कोऱ्या जागेत बहुधा या दोन्ही गोष्टी एकाच रंगात मिसळलेल्या असतात: जेथे शोधूनही सापडले नाही ते, आणि जेथे कोणी शोधलेच नाही ते.

नीतीचा प्रश्न येथून सुरू होतो. प्रतिमान 'आहे' वा 'नाही' म्हणत नाही. ते शून्य ते एक यांमधला एक अंक देते. कोणत्या अंकापुढे 'आहे' म्हणावयाचे, ती रेषा माणूस ओढतो. रेषा खाली ओढली, तर जेथे पक्षी नाही तेथेही रान राखीव ठरण्याचा आणि त्या रानावर जगणाऱ्या कुटुंबांवर निर्बंध येण्याचा संभव. वर ओढली, तर 'येथे काही नाही' या आधारावर धरण वा खाण यांना मोकळीक मिळण्याचा संभव. पहिली चूक पुन्हा पाहणीने, उशिरा का होईना, काही अंशी दुरुस्त होते. दुसरी अनेकदा होत नाही, कारण जे तपासावयाचे तेच उरलेले नसते. पण म्हणून पहिलीचा भार हलका नव्हे. तो ज्यांच्यावर पडतो त्यांना रेषा ओढताना कोणी विचारलेले नसते. तेव्हा ही निवड गणिताच्या नावावर खपविणे म्हणजे आपले उत्तरदायित्व यंत्राच्या माथी मारणे होय.

यावरून प्रतिमाने टाकून द्यावीत, असा निष्कर्ष काढणे अविचाराचे होईल. कोठे पाहावे हे ती सुचवितात. एवढ्या विस्तीर्ण भूमीत ती मोठी मदत आहे. मात्र कोठे पाहू नये हे सांगण्याचा अधिकार त्यांना सहजासहजी देता येत नाही. त्यांच्या नकाशावर तिसरा रंग हवा, 'अजून पाहिलेले नाही' याचा. आणि निर्णय करणाऱ्याला, तो रंग दिसताच, आधी त्या रानात माणूस पाठविण्याचे बंधन हवे.