दुसऱ्या टोकाचा आकडा

काच पारदर्शक असते ही आपली समजूत खिडकीपुरतीच खरी. तावदानाची काच किलोमीटरभर जाड केली तर पलीकडे मिट्ट काळोख. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी काचतंतूतून संदेश धाडता येतील असं मांडलं, तेव्हा त्यांची अट होती किलोमीटरमागे २० डेसिबलपर्यंत घट. म्हणजे शंभरातला एक हिस्सा प्रकाश पोचला तरी पुरे! त्या वेळच्या तंतूंची घट हजाराच्या घरात होती. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्त्झ यांनी १७ डेसिबल गाठले. आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला ही घट ०.२ च्या आसपास असते. तेवढाच शंभरावा हिस्सा आता शंभर किलोमीटरनंतर उरतो.

पण इतकं थोडं हरवलेलं मोजायचं कसं? तंतूत नेमका किती प्रकाश शिरला हेच मुळात कळत नाही. म्हणून आधी दूरच्या टोकाशी मोजायचं, मग उगमाकडची जोडणी जराही न हलवता तिथून दोनेक मीटरवर तंतू कापायचा आणि पुन्हा मोजायचं; दोन्हींतला फरक म्हणजे मधल्या तंतूतली घट. अचूकतेसाठी आजही हीच पद्धत प्रमाण मानतात. जमिनीत पुरलेली केबल मात्र अशी कापता येत नाही.

तिथे ओटीडीआर हे यंत्र लागतं; ते एका टोकाकडून प्रकाशाचा ठोका सोडतं आणि मागे परतणाऱ्या प्रकाशाचा आलेख काढतं. काच थंड होताना तिच्या घनतेतले सूक्ष्म चढउतार तसेच गोठून राहतात. त्यांच्यावर प्रकाश विखुरतो, त्यातला अत्यल्प भाग मागे परततो. एका किलोमीटरवर जाऊन यायला त्याला सुमारे १० मायक्रोसेकंद लागतात; वेळेवरून अंतर कळतं. गंमत अशी, की आजच्या उत्तम तंतूतली बहुतेक घट याच विखुरण्यामुळे होते. ज्या दोषापुढे अभियंत्यांनी हात टेकले, तोच त्यांना तंतूच्या पोटातली बातमी देतो. निर्दोष काच जोडांखेरीज काहीच बोलली नसती.

ही बातमी अर्थात ऐकीव. यंत्र पुढे गेलेला प्रकाश पाहत नाही, परतलेल्यावरून अंदाज बांधतं. दोन वेगळ्या जातींचे तंतू जोडले आणि पुढचा जास्त विखुरणारा निघाला, तर जोडापाशी आलेख चक्क वर चढतो. जणू जोडाने प्रकाश वाढवला! उलट्या टोकाकडून मोजलं की तोच जोड अवाजवी वाईट दिसतो. खरी घट या दोन आकड्यांच्या सरासरीत असते. तेव्हा एकाच टोकाकडून काढलेला आलेख दाखवून कुणी जोड उत्तम असल्याची ग्वाही दिली, तर सही करण्याआधी दुसऱ्या टोकाचा आलेख मागून घ्या.