साडेनऊ तासांचं टोकियो, तेरा तासांचं टोकियो

हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला, तर तो जवळजवळ सगळा रशियावरून जातो. फिनलंडची ‘फिनएअर’ ही विमान कंपनी याच दोऱ्यावर मोठी झाली. युरोपातून जपानला जायचं असेल तर आमच्याकडे या, साडेनऊ तासांत पोहोचवतो, असा तिचा धंदा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. युरोपने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियाने युरोपच्या विमानांना. टोकियो बघता बघता तेरा तासांवर गेलं.

शहरं जागची हलली नव्हती. विमानही तेच, एअरबस ए३५०. आता ते वारा आणि इंधन यांचा हिशेब मांडून कधी उत्तर ध्रुवावरून अलास्काच्या बाजूने जातं, तर कधी दक्षिणेला वळून मध्य आशिया, चीन, कोरिया असा वळसा घेतं. ध्रुव ओलांडणाऱ्या प्रवाशांना कंपनीने प्रमाणपत्रंही वाटली. साडेतीन तास जास्त बसल्याचं बक्षीसच म्हणायचं!

खरी गंमत आणखी जुनी आहे. याच कंपनीने १९८३ साली याच दोन शहरांमध्ये कुठेही न थांबणारी सेवा सुरू केली, तेव्हाही विमान सोव्हिएत हद्द टाळून ध्रुवावरूनच जात होतं. त्या डीसी-१० विमानालाही तेरा तासांच्या आसपासच लागत. पुढच्या चाळीसेक वर्षांत इंजिनं सुधारली, विमानं हलकी झाली, आणि प्रवासाचा वेळ होता तिथेच आला.

विज्ञानाने जग जवळ आणलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. मला ते अर्धंच पटतं. इंजिन वेग देतं, वाट देत नाही. १९४४ च्या शिकागो कराराचं पहिलंच कलम सांगतं की आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाची पूर्ण सत्ता आहे.

आपल्यालाही याचा अनुभव आहे. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाला रशियाचं आकाश मोकळं राहिलं होतं. पण एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानने भारतीय विमानांची वाट अडवली आणि काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. लांबचा रशिया जाऊ देतो, बांधाला बांध असलेला शेजारी अडवतो. गावाकडे वहिवाटीचे दावे ज्यांनी पाहिलेत, त्यांना यात काहीच नवल वाटणार नाही.

तेव्हा तिकिटावर तासांचा आकडा वाढलेला दिसला, तर विमानाला नावं ठेवू नका. नकाशा उघडा आणि त्यातले किती तास कोणाच्या भांडणाचे आहेत, ते मोजा.