उंबऱ्यापासूनचे अंतर

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर, आणि विमानाला लागतात नऊ-दहा तास. या दोन आकड्यांत सगळा प्रवास आला असे आपण धरून चालतो. पण प्रवासी जुन्नरचा असेल तर माळशेज घाट उतरून मुंबईचा विमानतळ गाठायलाच त्याचे चार-पाच तास जातात, वर उड्डाणाच्या तीन तास आधी हजर व्हायचे. म्हणजे एकूण वाटेतल्या जेमतेम दोन टक्क्यांना लंडनच्या उड्डाणाहून थोडाच कमी वेळ लागतो. हवाई अंतर दोन धावपट्ट्यांमधले असते. माणूस मात्र घरातून निघतो. म्हणून अंतर उंबऱ्यापासून आणि तासांत मोजावे, असे माझे मत आहे. हाकेचे अंतर, दिवसाची मजल असे म्हणणाऱ्या आपल्या भाषेला ते नवे नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात नाणेघाटाची वाट कड्यातून काढली गेली.  त्या वाटेने सह्याद्री ठेंगणा झाला नाही, पण कल्याण बंदर जुन्नरच्या बाजारपेठेजवळ आले.

यावर कोणी म्हणेल, किलोमीटर अढळ असतो. वेळ वाहनागणिक आणि ऋतूगणिक बदलतो, मग ते माप कसले? पण जुन्नर तालुक्यातल्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण वेळाचीच भाषा बोलते. 2023 साली जाहीर झालेल्या निरीक्षणात तिने टिपलेली हायड्रोजनची रेडिओलहर 8.8 अब्ज वर्षांपूर्वी निघालेली होती. आणि वेळ बदलतो हीच तर माणसाच्या कामाची माहिती! भीमाशंकरहून घाटाखालचे खांडस सरळ रेषेत दहा किलोमीटरच्या आत आहे. पायवाटेने चार-पाच तास. गाडीने चाकण, लोणावळा, खोपोली, कर्जत असा दीडशेहून अधिक किलोमीटरचा वळसा, आणि त्यालाही जवळपास तेवढेच तास. यातले खरे अंतर किलोमीटर कसे सांगणार? 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव जागेवर नाही हे बाहेर कळले ते एसटीच्या चालकाकडून. मदत पोचताना पाऊस आणि चिखल आडवे आले. नकाशावर माळीण उन्हाळ्यात होते तिथेच होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तास मोजू लागलो की प्रत्येक कड्यातून रस्ता मागितला जाईल आणि भीमाशंकरच्या शेकरूचे जंगल उरणार नाही. ही भीती मला रास्त वाटते. पण तास घटवायला दर वेळी डोंगर फोडावा लागत नाही. डॉक्टर, औषधे आणि रुग्णवाहिका वर नेऊन ठेवल्या तरी ते घटतात. त्यासाठी आधी ते तास कुठेतरी लिहिलेले हवेत. आंबेगाव तालुक्यातल्याच आहुप्याहून बाळंतपणासाठी निघालेल्या बाईला घोडेगावच्या रुग्णालयात पोचायला श्रावणातल्या रात्री किती वेळ लागतो, हा आकडा तालुक्याच्या प्रत्येक आराखड्यात किलोमीटरच्या शेजारी असलाच पाहिजे.