आजीचं वाक्य

लोकलनं शहाड सोडलं की आमच्या शेजारचा पाच वर्षांचा मुलगा बोलू लागतो. ‘पुढील स्टेशन आंबिवली. अगला स्टेशन आंबिवली. नेक्स्ट स्टेशन आंबिवली.’ तिन्ही भाषा, सूरही डब्यातल्या बाईचाच. मुलगा स्वमग्न आहे. घरात पाहुणे जमले, गोंगाट वाढला, की हेच म्हणत तो दाराशी जातो. त्याला बाहेर जायचं असतं.

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं, ‘मी’च्या जागी ‘तू’ येणं, हे मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ सालीच नोंदवलं होतं. आपण त्याला पोपटपंची म्हणतो आणि त्यातलं मागणं ऐकायचं राहून जातं.

भूक लागली की शेजारचा हा मुलगा म्हणायचा, ‘बाला, जेवाला ये.’ हे आजीचं वाक्य. आजी अटाळीची, आगरी बोलणारी. आईचे वडील एनआरसी कंपनीत कामाला म्हणून मोहोन्याला आलेले. आईच्या तोंडी हिंदी. मग कुणीतरी सांगितलं, एवढ्या भाषांनी पोर गोंधळतं, घरात फक्त इंग्रजी बोला. आईनं मोडकंतोडकं इंग्रजी सुरू केलं. आजीला तेही येईना. नातवाचं भलं व्हावं म्हणून ती गप्प राहू लागली. त्याचं ते वाक्यही बंद पडलं. भूक लागली की नुसता रडायचा. ते दिवस आठवले की अजून गलबलतं.

मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ७५ स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन भाषा ऐकत वाढणारी मुलं एकाच भाषेतल्या मुलांपेक्षा बोलण्यात जास्त मागे नव्हती. नंतरच्या अभ्यासांतही दुसऱ्या भाषेनं नुकसान झाल्याचं दिसलेलं नाही. मुलाला हवं असतं ते जिवंत बोलणं. लाड करताना, रागावताना जी भाषा आपसूक तोंडात येते, तीच त्याच्याशी बोलावी. वाक्य छोटं, वस्तू समोर, आणि मग थांबायचं. हे थांबणंच आपल्याला जमत नाही. उत्तर यायच्या आत आपण दुसरा प्रश्न विचारतो.

पुढे एका थेरपिस्टबाईंनी आजीलाच मुलासमोर बसवलं. आजीनं पाण्याचा पेला हातात धरला, ‘पानी’ म्हणाली आणि पदर सावरत वाट बघत राहिली. पहिले कितीतरी दिवस काहीच झालं नाही.

काल रात्री जिना चढताना त्यांच्या दारातून आवाज आला, ‘बाला, जेवाला ये.’ आजी तर खाली ओट्यावर बसली होती.