शास्त्रपाठाला मंडळीचे उत्तर

रविवारच्या ख्रिस्ती उपासनेत पवित्र शास्त्राचे वाचन आणि गीतांचे गायन या दोन बाबी इतक्या नियमाने एकामागून एक येत असतात की, त्यांचा परस्परांशी काही आंतरिक संबंध असला पाहिजे हा विचार उपासकाच्या मनाला सहसा शिवत नाही. वाचन हा उपासनेचा आशय आणि गीत ही तिची शोभा, अशी एक वाटणी आपण नकळत मान्य करून बसलेलो असतो. ही वाटणी मला शास्त्राच्याच साक्षीने अग्राह्य वाटते. ज्या ग्रंथाचे वाचन होते, त्याच्याच मध्यभागी १५० स्तोत्रांची संहिता आहे, आणि तिच्यातील कित्येक स्तोत्रांच्या माथ्यावर गायकांसाठी सूचना दिलेल्या आहेत. १३६ वे स्तोत्र पाहावे. त्याच्या २६ वचनांपैकी प्रत्येकाचा पूर्वार्ध नवा आहे. त्यात सृष्टीची रचना, मिसर देशातून झालेली सुटका, अरण्यातील वाटचाल अशी देवाची कृत्ये क्रमाने येतात. उत्तरार्ध मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकच, देवाच्या चिरंतन दयेचा. एकाने सांगावे आणि सर्वांनी उत्तर द्यावे, ही योजना येथे शास्त्रानेच करून ठेवली आहे.

या उत्तराविषयी ज्यांना भय वाटले त्यांत ऑगस्टीनची गणना प्रथम केली पाहिजे. मिलान येथे बिशप अँब्रोजच्या मंडळीत चाललेले गायन ऐकून, बाप्तिस्म्यानंतरच्या दिवसांत आपल्या डोळ्यांतून अश्रू वाहिले, असे तो आपल्या आत्मनिवेदनाच्या नवव्या भागात लिहितो. आणि त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात, गीतातील अर्थापेक्षा गाण्यानेच मन अधिक हलले तर ते आपल्या हातून घडलेले पाप होय, असे स्वतःस बजावतो. अलेक्झांड्रियाचा बिशप अथेनेशियस स्तोत्रे इतक्या अल्प चढउताराने म्हणवून घेई की ते गाण्यापेक्षा बोलणेच वाटावे, हा दाखलाही त्याला काही वेळ सुरक्षित वाटतो. तरी अखेर तो गायनाच्या प्रथेलाच मान्यता देतो. कारण दुर्बल मनाला कानांच्या वाटेने भक्तीकडे नेता येते.

निर्णय मला मान्य आहे, कारण मात्र अपुरे वाटते. गीत ही दुर्बलांना दिलेली सवलत नव्हे. शास्त्रपाठाच्या वेळी एक जण उभा राहून वाचतो आणि बाकीचे ऐकतात; ऐकणाऱ्याने ते स्वीकारले की नाही, हे वाचनात कोठेच नमूद होत नाही. गीतात तोच ऐकणारा तोंड उघडतो, शेजाऱ्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास जुळवून तेच शब्द उच्चारतो, आणि तेव्हा ऐकलेल्या वचनाखाली त्याची सही होते.

मराठी मंडळ्यांचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स यांनी दोन्ही करारांची कथा सुमारे ११,००० ओव्यांत सांगितली, आणि गोव्याच्या देवळांतून ती वाचली जाऊ लागली, तेव्हा वाचन व गायन यांमधली सीमाच पुसट झाली असली पाहिजे; ओवी हाती आली की ती सुरातच म्हटली जाते. पुढे एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांनी शास्त्र मराठी गद्यात आणले, पण त्यासोबतची गीते पुष्कळदा इंग्रजी चालींवर बेतलेली असत. म्हणजे वचन ऐकावे मायबोलीत आणि उत्तर द्यावे पाहुण्या चालीत, अशी स्थिती झाली. ती पालटण्याचे श्रेय ज्यांना आहे त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव अग्रभागी येते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले आणि तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणारे हे कवी अभंगाकडे वळले, यात नवल नव्हते. परंतु त्यांच्या अभंगांनी उपासनेला काय दिले, याचा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अभंगाच्या अखेरच्या चरणात ते 'दास' ही मुद्रा घालतात. शास्त्रपाठात पेत्राची, मार्थेची, उधळ्या पुत्राची गोष्ट आलेली असते. ती त्यांची असते. मंडळी जेव्हा अभंगाच्या शेवटच्या चरणापाशी येते, तेव्हा त्या 'दास' शब्दात गाणारा प्रत्येक जण स्वतः उभा राहतो, आणि त्यांची गोष्ट त्याची होते. 'उपासना संगीत' हाती घेऊन बसणाऱ्या साध्या उपासकालाही हा अनुभव आहे, मग त्याला तो शब्दांत सांगता येवो वा न येवो.

म्हणून गीते केवळ चालीच्या आवडीने निवडली जातात, तेव्हा मला खेद होतो. अनेक मंडळ्यांत वर्षभराचे शास्त्रपाठ आधीच मुक्रर असतात, आणि तरीही गीतांचे क्रमांक उपासनेपूर्वी घाईघाईने ठरतात. ८८ वे स्तोत्र घ्या. ते अंधाराच्या उल्लेखावरच संपते. अखेरीस धीराचा एक शब्दही येत नाही. ते वाचून होताच टाळ्यांचे आनंदगीत सुरू करणे म्हणजे बाकावर बसलेल्या शोकग्रस्ताचे म्हणणे अर्ध्यावर तोडणे होय. तेथे संथ लयीचा, विनवणीचा अभंग हवा. तसे अभंग आपल्या संग्रहात आहेत. ते शोधून मंडळीकडून बसवून घेण्याची तजवीज पाळकांनी पेटी वाजवणाऱ्याबरोबर बसून आठवड्याच्या आरंभीच केली पाहिजे, आणि दोघांनीही त्या रविवारचा पाठ आधी वाचलेला असला पाहिजे.